दहा नंबरचा पाना आणि काळी वायर: गाडीची बॅटरी घरच्या घरी बदलताना

गाडीची बॅटरी बदलायला अवजार म्हणाल तर दहा नंबरचा एक पाना लागतो, फार तर सोबत बाराचा. वेळ अर्धा तास. तरीही भलेभले या कामाला बिचकतात, कारण कुठून कुठून ऐकलेलं असतं: आधी मायनस काढ, प्लसला पाना टेकला की संपलंच, गाडीचा कॉम्प्युटर उडेल. यातलं काहीच खोटं नाही. पण का, ते कुणी सांगत नाही. मग क्रम पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेलं नेमकं बॉनेट उघडल्यावर आठवत नाही.

क्रम पाठ करायची गरज नाही. एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: गाडीची अख्खी लोखंडी बॉडी ही बॅटरीची मायनस वायर आहे.

घरात प्रत्येक दिव्याला दोन वायरी येतात, एकीतून वीज येते आणि दुसरीतून परत जाते. गाडीत हेडलाइट, हॉर्न, वायपर, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) या सगळ्यांना प्लसची वायर तेवढी वेगळी ओढलेली असते. परतीचा रस्ता म्हणजे बॉडीचा पत्रा आणि इंजिनाचा धातू. बॅटरीच्या मायनसवरून निघणारी जाड काळी वायर बघा, ती फूट-दीड फुटावर जाऊन बॉडीला किंवा गिअरबॉक्सला एका बोल्टने आवळलेली दिसेल. हेच ते 'अर्थ'. म्हणजे बॉनेटखाली जिथे जिथे उघड्या धातूला हात लागतो, तिथे तिथे तुम्ही मायनसलाच हात लावत असता. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, त्यामुळे हे कधी जाणवत नाही.

आता समजा, तुम्ही प्लसचा नट आधी सोडवायला घेतला. पान्याचं एक टोक प्लसवर, आणि अर्धा फेरा फिरल्यावर दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं. झालं, प्लस आणि मायनस पान्यातून थेट जोडले गेले. चांगल्या स्थितीतली छोटी बॅटरीही अशा वेळी क्षणभर हजारभर अँपिअर करंट सोडू शकते. फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंगवाला ज्या करंटवर लोखंड जोडतो तो साधारण शंभर-सव्वाशे अँपिअर असतो. तेव्हा पाना जागच्या जागी चिकटणं, लाल होणं, ठिणग्या उडणं यात नवल काहीच नाही. आणि बॅटरीच्या तोंडाशी तिच्यातून निघालेला, पेट घेणारा हायड्रोजन वायू साचलेला असेल तर ठिणगी नुसत्या ठिणगीवर थांबत नाही.

मायनस आधी सोडवला तर? पाना मायनसच्या नटावर आहे, दुसरं टोक पत्र्याला लागलं. पत्राही मायनसच. काही होत नाही. काळी वायर निघाली की बॉडीचा आणि बॅटरीचा संबंध तुटला. मग प्लस सोडवताना पाना बॉडीला कुठेही आपटू दे, मंडल पूर्णच होत नाही; फक्त बॅटरीच्याच मायनसला तो टेकू देऊ नका. बसवताना अर्थातच उलट: बॉडी अजून 'मेलेली' असतानाच प्लस आवळून घ्यायचा, काळी वायर सगळ्यात शेवटी.

(जुन्या ब्रिटिश गाड्यांत, साधारण १९६०च्या दशकापर्यंत, प्लस बॉडीला जोडायची पद्धत होती. कुणाच्या गॅरेजमध्ये तशी व्हिंटेज गाडी असेल तर हा सगळा हिशेब उलटा करावा. बाकीच्यांनी चिंता करू नये.)

याच कारणासाठी काम सुरू करण्यापूर्वी हातातलं कडं, अंगठी, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं. शॉक बसेल म्हणून नव्हे. अंगठी पान्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये सापडली तर ती सेकंदभरात तापते आणि बोटातून निघत नाही, म्हणून.

आधी खात्री: बॅटरीच गेली आहे ना?

चावी फिरवली आणि नुसतं 'टक' झालं, किंवा टक-टक-टक-टक अशी माळ लागली आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, की आपण 'बॅटरी गेली' म्हणून मोकळे होतो. सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही एवढंच त्यातून कळतं. कारणं निदान चार असतात. रात्री दिवा चालू राहून बॅटरी उतरली असेल; बॅटरी खरोखरच म्हातारी झाली असेल; टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरची वायरीची जोडणी, सैल असेल किंवा त्यावर पांढरा थर चढला असेल; किंवा अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक अजून डायनॅमो म्हणतात, तो चार्ज करत नसेल. या चारांपैकी एकाच दुखण्यावर नवी बॅटरी हे औषध आहे. बाकी तिन्हींत तुम्ही चार-पाच हजार रुपये घालवाल आणि आठवड्याने परत तिथेच याल.

पहिली तपासणी हाताने. गाडी बंद ठेवून टर्मिनलवरची पकड फिरवून बघा. नुसत्या हाताने ती फिरली तर दोषी सापडला, नट आवळा आणि सेल्फ मारून बघा. पकडीभोवती पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर तीही करंट अडवते. ती साफ करून बघण्यात पैसा जात नाही.

दुसरी तपासणी मल्टिमीटरने. काही शे रुपयांत साधा मीटर मिळतो आणि गाडी असलेल्या घरात तो असावाच, असं माझं ठाम मत आहे. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजायचं, नुकतीच बंद केलेली असेल तर आकडा फुगलेला येतो.

इथे एक गैरसमज हमखास दिसतो. 'बारा व्होल्टची बॅटरी बरोबर बारा दाखवतेय, म्हणजे ठीक आहे.' ठीक नाही. आत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि भरलेला एकेक सेल २.१ व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडं वर दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, आणि ११.८ला ती रिकामी धरायची. बारा ते साडेबारा एवढ्याशा अंतरात सगळा खेळ आहे. १०.५च्या आसपास आकडा आला आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर बहुधा सहांपैकी एक सेल मेला आहे. ती बॅटरी बदलायचीच.

आकडा कमी आहे एवढ्यावरून बॅटरी खराब ठरत नाही. ती रात्रभर चार्जिंगला लावा, मग काही तास तशीच ठेवा आणि मोजा. १२.६ला पोचून टिकली तर ती फक्त उतरली होती. नंतर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून, इंजिन फिरत असताना मीटर बघा. चार्ज असलेल्या बॅटरीचा आकडा त्या क्षणी ९.६च्या खूप खाली कोसळत असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसले तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, म्हणून तिथे हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून बघा. गाडी चालू असूनही आकडा साडेबाराच्या खाली घसरतच चालला असेल तर बॅटरीवाल्याकडे न जाता ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

बऱ्याच बॅटऱ्यांवर एक छोटा गोल डोळा असतो. हिरवा असला की चांगली, काळा असला की चार्ज करा, पांढरा असला की बदला. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो. त्याच्यावर फार विसंबू नका.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारं लॉक असं काही ना काही वीज पीत असतं. चांगल्या गाडीतही हा झिरपा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). छोट्या पेट्रोल गाडीतली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्म्यावर येते, आणि आधीच अर्धवट भरलेली असेल तर गणपतीला रेल्वेने कोकणात जाऊन आलेला माणूस बिल्डिंगखाली उभ्या गाडीला धक्का मारताना दिसतो. त्यात कुणी डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडून दिला असेल तर आठवडाही पुष्कळ झाला. अशा बॅटरीचा दोष काही नाही. पण तिला रिकामी अवस्थेत पडून राहू देणं हा मात्र गुन्हा. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेटचा मऊ थर बसतो, तो चार्ज केला की विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग चार्जरही काही करू शकत नाही.

बॅटरी मरते कधी आणि कळतं कधी, यातही अंतर असतं. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुपटीने होते, असा ढोबळ हिशेब आहे. बॅटरी उन्हाळ्यात पोखरली जाते. पण तेव्हा इंजिन गरम, ऑइल पातळ, सेल्फला कष्ट कमी, म्हणून कळत नाही. डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं, थंडीने बॅटरीचीही ताकद कमी झालेली असते, आणि तेव्हा ती हात वर करते. आपण थंडीला शिव्या देतो. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं टिकली तर बॅटरीने पैसे फेडले समजायचं.

दुकानात काय मागायचं

जुन्या बॅटरीच्या वर किंवा बाजूला एक कोड असतो. इथल्या छोट्या पेट्रोल गाड्यांत हमखास दिसणारा एक घ्या: ३८बी२०एल. ही जपानी पद्धत. ३८ हा ताकदीचा क्रमांक आहे, अँपिअर-तास नव्हेत. ही बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा ठरलेला गट, २० म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही टर्मिनल आपल्या पोटाकडे येतील अशी बॅटरी समोर ठेवा: मायनस डावीकडे आला तर 'एल', उजवीकडे आला तर 'आर'. त्यामागे आणखी 'एस' लागलेला असेल तर टर्मिनलचे खुंट जाड आहेत. बारीक खुंटाची पकड जाड खुंटावर चढत नाही, आणि जाड खुंटाची पकड बारीकावर कितीही आवळली तरी घट्ट बसत नाही.

'एल'ऐवजी 'आर' आली तर काय बिघडलं? बॅटरी तीच, ताकद तीच, पण वायरी उलट्या बाजूला. गाडीच्या वायरी मोजून मापून कापलेल्या असतात, त्या पोचत नाहीत. मग लोक बॅटरी उलटी फिरवतात, वायर ताणतात, आणि त्या गडबडीत लाल-काळं उलट जोडलं जातं. उलट जोडणीत मोठा फ्यूज उडाला तर नशीब. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात आणि कधी कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरही.

दुसरी पद्धत डीआयएन, मूळची जर्मन, म्हणजे ४४, ५०, ६० असे आकडे. या बॅटऱ्या बुटक्या आणि रुंद असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना वरून पट्टी न घालता बुडाशी पाचरीने धरलेलं असतं. जपानी पद्धतीच्या ट्रेमध्ये त्या नीट बसत नाहीत. दोन्हींत अडचण आली तर सगळ्यात सोपा उपाय: मोबाइलमध्ये जुन्या बॅटरीचा वरून आणि समोरून फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा.

'थोडी मोठी टाकू का?' ट्रेमध्ये बसत असेल, पट्टीने आवळली जात असेल, उंची तेवढीच असेल तर टाका, अल्टरनेटरला त्याने काही होत नाही. उंचीचं मात्र खरंच बघा. बॉनेटही बॉडीचाच भाग, म्हणजे मायनस. उंच बॅटरीचा प्लस खड्ड्यात बॉनेटला टेकला की पान्याची गोष्ट परत घडते, यावेळी चालत्या गाडीत. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत टाकायचा विचार कुणी बोलून दाखवला तर नम्रपणे नाही म्हणा. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात, दोन-चार सेकंदांत भरपूर करंट देण्यासाठी. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, तासन्‌तास थोडं थोडं देण्यासाठी. दोघींची अदलाबदल केली तर दोघीही लवकर मरतात.

सिग्नलला उभं राहिल्यावर आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. ती महाग पडते. तिथे साधी टाकून वाचवलेले पैसे वर्ष-दोन वर्षांत परत जातात.

दुकानात दोनच गोष्टींसाठी अडून बसा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख, ती तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी नको, कारण शेल्फवर पडल्या पडल्याही बॅटरी उतरत असते. आणि मीटर: घेण्यापूर्वी १२.५च्या वर दिसलं पाहिजे. वॉरंटी '२४+२४' अशी लिहिलेली असते, तिचा अर्थ चार वर्षं फुकट बदली असा नाही. पहिले २४ महिने फुकट, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी थोडी घटत जाणारी सवलत. बहुतेक कंपन्यांत बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी लागत नाही, जुनीच राहिलेली पुढे चालते.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो. शहरात बॅटरीवाला घरी येऊन फुकट बसवून देत असेल तर खुशाल बसवून घ्या. हे सगळं कळलेलं असलं की निदान तो पोरगा घाईत काय करतोय ते समजतं.

काढणं आणि बसवणं

इंजिन थंड हवं. चावी काढून खिशात, आणि एक काच खाली. काही गाड्यांत वीज परत आली की दारं आपोआप लॉक होतात, आणि चावी आत राहिलेली असली की पुढचा तमाशा सोसायटी बघते. इग्निशन बंद करून दहाएक मिनिटं थांबा, आतले कंट्रोल युनिट झोपी जाऊ द्या. बिडी-सिगारेट दूर. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या आणि कपडे जुने घाला. बॅटरीतलं गंधकाम्ल सुती शर्टाला लागलं तर त्या वेळी काहीच दिसत नाही, धुतल्यावर भोकं पडलेली दिसतात.

काळ्या वायरीचा नट दहाच्या पान्याने सैल करायचा. पूर्ण काढायची गरज नसते, पकड सैल झाली की पुरे. ती वर ओढून निघाली नाही तर हातोडी मारू नका आणि स्क्रू-ड्रायव्हरने बॅटरीच्या झाकणावर जोर देऊन उचकटू नका. खुंट शिशाचा, म्हणजे मऊ. तो हलला की झाकणाशी असलेलं सील फुटतं आणि तिथून ॲसिड पाझरू लागतं. पकडीच्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती किंचित फाकवा, मग डावीकडे-उजवीकडे फिरवत वर घ्या. मायनसच्या पकडीवर एखादी काळी डबी आणि तिला बारीक वायर दिसली तर तो बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर आहे, त्याला धरून ओढू नका. निघालेली काळी वायर जुन्या फडक्यात गुंडाळून बाजूला अडकवा. जाड वायर स्प्रिंगसारखी परत येऊन खुंटाला टेकते, आणि मग तुम्ही केलेलं सगळं पाण्यात.

आता प्लस. लाल टोपी उचला, तोच पाना. हल्लीच्या अनेक गाड्यांत प्लसच्या पकडीवरच मोठ्या फ्यूजची डबी बसवलेली असते. तिचे बाकी नट सोडवू नका, पकडीचा एकच नट सोडवून डबीसकट अलगद वर घ्या. नंतर बॅटरीला दाबून धरणारी पट्टी आणि तिचे लांब हूक. हे काढताना खाली एक फडकं पसरून ठेवा. इथून सुटलेला नट सरळ बंपरच्या पोटात जातो आणि गाडी विकेपर्यंत तिथे वाजत राहतो.

छोटी बॅटरी नऊ-दहा किलोची, डिझेलची त्याच्या दीडपट-दुप्पट. सरळ वर उचला, तिरकी करू नका, आणि पोटाशी धरून चालू नका. दुसरं माणूस हाताशी असेल तर बरं.

ट्रे आणि दोन्ही पकडी साफ करण्याची हीच वेळ आहे, परत काही वर्षं हात पोचणार नाही. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, एक टाकाऊ टूथब्रश. पांढऱ्या-निळ्या भुकटीवर सोडा पडला की फसफसतं. फसफसणं थांबलं की ॲसिड मेलं. साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं होऊ द्या. पकडीची आतली बाजू पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा. ट्रेचा पत्रा गंजलेला असेल तर त्यावर रंगाचा हात मारायलाही हरकत नाही. कातडीला ॲसिड लागलं तर भरपूर पाणी, डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी आणि थेट डॉक्टर.

नवी बॅटरी ट्रेमध्ये ठेवताना प्लस कुठल्या बाजूला येतोय ते फोटोशी ताडून बघा. खुंटांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढा. आधी पट्टी आवळा: बॅटरी हाताने हलता कामा नये, पण खोका चेपेल इतकीही नको. आपल्या रस्त्यांवर सैल बॅटरी ही लवकर मरणारी बॅटरी, प्लेटांवरचा लगदा हादऱ्यांनी झडतो. मग लाल वायर, पकड खुंटाच्या बुडापर्यंत बसवून, मनगटाच्या जोराने आवळून, टोपी लावून. सगळ्यात शेवटी काळी. ती टेकताना बारीकशी ठिणगी दिसली तर दचकू नका, आतले झोपलेले कंट्रोल युनिट जागे होताना थोडा करंट ओढतात. मोठी ठिणगी आली तर थांबा. एखादा दिवा चालू आहे किंवा काहीतरी चुकलंय. दोन्ही पकडी घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा. खुंट आणि पकडीच्या मध्ये ते भरायचं नाही.

बॉनेट धाडकन आपटू नका, हळूच खाली आणून प्लसच्या वर मोकळी जागा आहे ना ते बघा.

बसवल्यावर

घड्याळ लावा. काच आपोआप वर जात नसेल तर बटण वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत ती परत शिकते. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडं अंतर चालवल्यावर सहसा जातो. पहिले काही मिनिटं इंजिनचा आयडल (गाडी उभी असतानाचा वेग) वर-खाली झाला तर तेही स्वाभाविक, कंट्रोल युनिट आपले अंदाज नव्याने बांधत असतं. काही जुन्या म्युझिक सिस्टिम कोड मागतात. तो मॅन्युअलच्या पाकिटात असतो आणि काम सुरू करण्यापूर्वीच शोधून ठेवलेला बरा. सेन्सरवाल्या काही युरोपीय गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते.

नवी बॅटरी, मीटरवर १२.६, तरीही सेल्फ रडत रडत फिरतोय, असं झालं तर ती काळी वायर आठवा. ती जिथे बॉडीला आणि इंजिनाला आवळलेली आहे तो बोल्ट गंजला असेल तर परतीचा रस्ताच अरुंद झाला. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत हे बरंच दिसतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. एकच धातू असल्यासारखा आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बोल्ट सोडवा, खालचा पत्रा घासून उघडा करा, परत आवळा.

दुसऱ्याच्या गाडीवरून जंप घेताना, म्हणजे त्याच्या बॅटरीच्या जोरावर आपली गाडी सुरू करतानाही हाच हिशेब. लाल केबल तुमच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला. काळी त्याच्या मायनसला, आणि शेवटचं टोक तुमच्या बॅटरीच्या मायनसला न लावता थोडं दूर, इंजिनाच्या जाड धातूला. बॉडी मायनसच असल्याने करंट तिथूनही पोचतो, आणि शेवटची ठिणगी बॅटरीच्या तोंडापासून लांब पडते.

काही बॅटऱ्यांना मात्र हात लावू नका. फुगलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी: गाडी बंद करा, बॉनेट उघडं ठेवून लांब व्हा आणि माणूस बोलवा, अल्टरनेटर जास्त चार्ज करत असण्याची शक्यता आहे. सीटखाली किंवा डिकीत बसवलेली, वायू बाहेर सोडणारी नळी असलेली बॅटरी: नळी परत जोडायला विसरलात तर तो वायू गाडीच्या आत साचेल. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, पण नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टची, केबल दिसली की पाना खाली ठेवायचा आणि सर्व्हिस सेंटर गाठायचं.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिच्या वजनाचा बराचसा भाग शिसं असतं आणि ते वितळवून परत बॅटरीतच जातं, म्हणून दुकानदार तिचे पैसे नव्या बिलातून वजा करतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे सोपवणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. दारावरचा भंगारवाला कदाचित शंभर रुपये जास्त देईल. पण ती बॅटरी कुठल्या तरी वस्तीमागे कुऱ्हाडीने फुटते, ॲसिड गटारात जातं आणि शिसं उघड्यावर वितळतं, त्याचा धूर तिथल्या मुलांच्या अंगात जातो. दुकानापर्यंत नेताना ती डिकीत उभीच ठेवा, खाली जाड प्लास्टिक घाला. जुन्या बॅटरीचे पैसे बिलात वेगळे दाखवायला सांगा, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीचा सिरियल नंबर भरल्याशिवाय काउंटर सोडू नका.